कराडची धावपट्टी: देखभालीचा पैसा कुठून यायचा?

कोयनाकाठ

कराडजवळच्या विजयनगरच्या विमानतळाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच बाजू मांडल्या जातात. कराड-मुंबई विमान कधी सुरू होणार, ही एक. आमच्या बागायतीला हात लावू नका, ही दुसरी. जी पट्टी आज तिथे आहे तिचं काय करायचं, यावर कुणीच बोलत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

ही धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५५ च्या सुमारास कोयना धरणाच्या कामासाठी केली. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास. सध्या ती महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे. ही राज्य सरकारची २००२ सालची कंपनी. नागपूरचं मिहान, शिर्डी आणि आता अमरावतीजवळचं बेलोरा हे तिचे मोठे व्याप. त्या व्यापात कराडच्या वाट्याला किती लक्ष येत असेल हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मोठ्या विमानाची चर्चा जरा बाजूला ठेवू. आहे ती पट्टी बाराही महिने सुरक्षित ठेवायला दरवर्षी ठरलेला पैसा हवा. आणि ती जागा विमानतळाशिवाय दुसऱ्या कशालाही जाणार नाही, अशी लेखी हमी हवी. या दोन गोष्टी झाल्या तरच पुढच्या गप्पांना अर्थ आहे.

छोट्या शहरांना विमानाने जोडायची केंद्राची 'उडान' योजना आहे ना, असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहितो. २०१६ च्या विमान वाहतूक धोरणातून ही योजना आली आणि २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली हे पहिलं विमान उडालं. निम्म्या जागांचं भाडं सरकार बांधून देतं, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला ती मर्यादा २५०० रुपये होती. त्यामुळे विमान कंपनीला जो तोटा येतो तो तीन वर्षं भरून दिला जातो. हा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून गोळा होतो आणि राज्याला त्यात २० टक्के वाटा घालावा लागतो. बंद पडलेल्या धावपट्ट्या पुन्हा उभ्या करायलाही केंद्राने २०१७ मध्ये ४५०० कोटी मंजूर केले होते. पण या सगळ्याची किल्ली विमान कंपनीच्या हातात आहे. तिने मार्गासाठी बोली लावली तर पैसा हलतो. जिथे कुणी बोली लावत नाही, त्या पट्टीवरचं गवत काढायलाही त्यातून काही येत नाही.

बरं, बोली लागली म्हणून विमान टिकतंच असंही नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आकडे बघा. बोलीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले सुरू झाले ३७१. सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. सवलत संपल्यावर मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. या गणितावर आपण आपल्या तालुक्यातली जमीन पणाला लावायची का?

मळेकरी

कोयनाकाठ, तुम्ही इमानदारीनं लिवलंय म्हणून उत्तर देतो. आमचं रान पट्टीच्या अंगालाच हाय. विस्ताराची टूम पृथ्वीराजबाबा मुख्यमंत्री असताना जोरात आली. तवापासनं वारुंजी, केसे, मुंढे या गावांनी किती बैठका घेतल्या, किती निवेदनं दिली, त्याला सुमार न्हाई. बारमाही पाण्याची जमीन हाय, ऊस हाय, जित्राब हाय. हे सोडून कुठं जायचं?

आन विस्तार न्हाई झाला तरी त्रास सुटत न्हाई हे लोकांना ठावं नसतं. आमच्या भावकीतल्या एकाला पोराचं लगीन ठरलं म्हणून घरावर मजला चढवायचा हुता. घर पट्टीजवळ, तर उंचीचा दाखला आणा म्हणाले. हितनं तिथं, तिथनं हितं असं वरीसभर फिरावला. पोराचं लगीन झालं, सून आली, मजला काय चढला न्हाई. वर गज तसंच उघडं, त्याला गंज चढलाय.

देखभालीला पैसा द्या म्हणताय, द्या. पण आधी आमाला कागद दाखवा की हद्द हितंच थांबणार.

निवृत्त_उपअभियंता

मळेकरीदादांचा मुद्दा रास्त आहे. तांत्रिक बाजूनेही तो खरा कसा आहे ते मांडतो, कारण आपल्याकडे 'थोडी लांबी वाढवली की एटीआर येईल' असं फार हलकेपणाने बोललं जातं.

एटीआर-७२ हे सत्तरेक आसनांचं विमान. समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानाला, पूर्ण भाराने उडायला त्याला साधारण १३१५ मीटर लागतात. कराड समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास. उंचीवर हवा विरळ, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दर ३०० मीटरला लांबीत ७ टक्के वाढ धरतात. म्हणजे आपण दीड किलोमीटरला पोचलो. आता उन्हाळा. त्या उंचीचं प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास आणि आपल्याकडे दुपारी ३७-३८. दर अंशाला आणखी १ टक्का. हिशेब साडेअठराशे मीटरच्या पुढे जातो. कमी प्रवासी घेऊन छोट्या पट्टीवरूनही उडता येतं, कोल्हापूरला पूर्वी १३७० मीटर पट्टी होती तेव्हा तसंच चालायचं. पण निम्मं विमान रिकामं नेऊन कोणती कंपनी टिकेल?

पट्टीबरोबर बाकीचंही वाढतं. एटीआरची लांबी २७ मीटर, म्हणजे अग्निशमनाची पाचवी श्रेणी. त्याचे बंब, पाणी, फोम, पाळीपाळीने माणसं. मग सुरक्षा, प्रवासी इमारत, भिंत. दिवसाला एक विमान येवो की चार, हा खर्च तेवढाच.

याउलट सेसनासारख्या दोन-चार आसनी विमानाला आहे ती पट्टी भरपूर होते. तिला लागते ती निगा. नोकरीत आयुष्यभर डांबर पाहिलं म्हणून सांगतो, डांबरी पृष्ठ वापराने जितकं खराब होतं त्याहून जास्त न वापरल्याने होतं. उन्हाने डांबरातला तेलकटपणा जातो, वर केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्याच वर्षी भेगा भरल्या तर काम किरकोळ असतं. नाही भरल्या तर पावसाचं पाणी खाली मुरतं, खालची काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भेगेत बोट जायला लागतं. तिसऱ्या पावसाळ्यात तिथे हरळी उगवलेली दिसते. तोवर खर्च भेगा भरण्याचा राहत नाही, नव्या थराचा होतो. बाजूची गटारं मृगाच्या आधी उपसली नाहीत तरी हेच.

सरकारी कारभारात नव्या थराला निधी मिळतो, त्याचं उद्घाटन होतं. भेगा भरायला निधी मागितला की फाइल पडून राहते. कोयनाकाठ म्हणतात तो ठरलेला वार्षिक पैसा म्हणूनच हवा.

उडता_वाळवेकर

काका, भेगेतून सुटलेली खडी काय करते ते मी सांगतो. मी इस्लामपूरकडचा, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढला, शिकायला मात्र परराज्यात राहावं लागलं. उडायच्या आधी विमानाभोवती फेरी मारून एकेक गोष्ट हाताने तपासायची असते. पंखाखालच्या टाकीतून छोट्या पारदर्शक कपात थोडं इंधन काढायचं, उजेडात धरायचं, तळाला पाण्याचा थेंब दिसतो का बघायचं. मग पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवायचं. सुट्या खडीच्या पट्टीवर पंखा खडे ओढून घेतो आणि पात्याच्या कडेला खाच पडते. नखाला लागेल एवढी खाच असली तरी आमचे सर विमान जागेवर उभं ठेवायचे, कारण त्या खाचेतून पातं पुढे चिरत जातं. माझ्या मते धावपट्टी रोज झाडणारा माणूस हा सुरक्षेचा पहिला माणूस आहे. त्याचा पगार कुठल्या खात्यातून निघतो, हे आधी विचारा.

इंधनाचंही सांगतो. एटीएफ, म्हणजे मोठ्या विमानांचं इंधन, स्वस्त करा अशी मागणी सगळे करतात, पण शिकाऊ सेसना त्यावर चालतच नाही. तिला एव्हगॅस लागतं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. ते पूर्वी सगळं आयात व्हायचं. इंडियन ऑइलने गुजरातच्या रिफायनरीत सप्टेंबर २०२२ पासून ते देशात बनवायला घेतलं. डायमंड कंपनीची नवी डिझेल इंजिनाची विमानं एटीएफवर चालतात, पण शिकवायला जुन्या सेसना अजून ढिगाने आहेत. तेव्हा करसवलत मागायची तर दोन्ही इंधनांवर मागा.

व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. माझ्या बॅचला सातारा-सांगलीची चार पोरं होती. घरच्यांनी रान गहाण ठेवून पैसे उभे केले होते. कराडला चांगली संस्था असती तर निदान राहण्या-जेवणाचा खर्च वाचला असता.

मिरजकर

सांगलीची कहाणी याहून वाईट आहे. कवलापूरला आमची जुनी धावपट्टी. दीडशे एकरांहून जास्त जागा, एमआयडीसीच्या ताब्यात, विमान उतरणं बंद होऊन जमाना झाला. ती जागा दुसऱ्या कामाला जाणार अशी कुणकुण लागली तेव्हा कुठे लोक जागे झाले आणि बचावासाठी उभे राहिले. विमानतळ होईल अशी आश्वासनं तेव्हापासून ऐकतोय.

मला मात्र पट्टी पुरासाठी हवी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्यात गेला, सांगली आतल्या आत कोंडली गेली. २०२१ ला पुन्हा तेच. जवळ चालू पट्टी असती तर औषधं, बोटी, जवान थेट आले असते.

पाटणकरीण

मिरजकरदादा, तुमची तळमळ कळते, पण पुराच्या नावावर धावपट्टी मागू नये असं मला वाटतं. मी आरोग्य खात्यात होते. २०२१ च्या जुलैत आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. पाऊस आणि ढग असे की काही दिवसांनी खुद्द मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर कोयनानगरला उतरू न शकल्याने माघारी पुण्याला गेलं. कराडसारखी पट्टी डोळ्यांना दिसलं तरच उतरायची. अतिवृष्टीत जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच ती कामाला येत नाही. पाऊस उघडल्यावर उपयोग होईल, नाही असं नाही. पण पहिल्या चोवीस तासांत माणसं वाचवायची तर गावात बोट, जेसीबी आणि चालू रस्ता लागतो. त्या निधीतून धावपट्टीला पैसे वळवले तर मी विरोध करीन.

रुग्ण हलवायला मात्र उपयोग आहे. अवयवदान झालं किंवा भाजलेला पेशंट मुंबईला न्यायचा असला, तर कोरड्या दिवसात, उजेडी, छोटं विमान कराडला उतरणं ही मोठी सोय होईल. ते महिन्यातून एकदाच लागेल, पण लागेल तेव्हा पट्टी चांगली हवी.

ताळेबंद

पैशांवर बोलतो, माझा धंदाच तो आहे.

आधी हे मान्य करू की अशी पट्टी स्वतःच्या कमाईवर चालणार नाही. विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना आणि हेलिकॉप्टरना उतरण्याचा आकारच नसतो. छोट्या विमानांकडून काय वसूल करणार? भाडं येऊ शकतं ते हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, आणि प्रशिक्षण संस्थेच्या जागेचं.

इथे एक अनुभव उपयोगी आहे. प्राधिकरणाने २०२० मध्ये प्रशिक्षण संस्थांकडून उत्पन्नातला हिस्सा घेणं बंद केलं, जागेचं भाडं आवाक्यात आणलं. २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी या पाच ठिकाणी नऊ संस्थांना जागा दिल्या गेल्या. आपल्या राज्याच्या कंपनीनेही बेलोऱ्याला एअर इंडियाच्या प्रशिक्षण संस्थेला जागा दिली, वर्षाला १८० वैमानिक घडवायचं त्यांचं उद्दिष्ट आहे. म्हणजे अशी जागा कशी द्यायची हे कंपनीला माहीत आहे.

पण अख्खा विमानतळ खासगी हातात देऊ नये. २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ, उस्मानाबाद हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या कराराने दिले होते. पुढे ते परत घ्यायची वेळ सरकारवर आली. पट्टी, गटार, भिंत आणि झाडणारा माणूस मालकाकडेच राहिला पाहिजे. संस्थेला फक्त हँगर आणि वर्ग, आणि तोही दहा-पंधरा वर्षांचा करार.

अमेरिकेत यासाठी १९७० पासून वेगळा निधी आहे. विमानाच्या तिकिटावर ७.५ टक्के कर आणि इंधनावर कर, त्यातून तो भरतो. तिथल्या छोट्या विमानतळाच्या मंजूर कामाचा साधारण ९० टक्के खर्च त्यातून मिळतो. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती अट. पैसा घेतला की २० वर्षं विमानतळ सगळ्यांसाठी चालू ठेवायचा, मोडून इमारती बांधायच्या नाहीत. शिकागोत मेग्ज फील्ड नावाचा विमानतळ होता. तिथल्या महापौरांनी मार्च २००३ मध्ये रातोरात बुलडोझर घालून धावपट्टी उखडली. सरकारी अनुदानाची बंधनं तोवर संपलेली होती, त्यामुळे शहराला दंड बसला तो पूर्वसूचना न दिल्याबद्दल, ३३,००० डॉलर. शिवाय पाडकामाकडे वळवलेले विमानतळ निधीचे दहा लाख डॉलर परत करावे लागले. कवलापूरसाठी यातून घ्यायचं ते हेच की बंधन कागदावर असलं पाहिजे आणि त्याची मुदत लांब असली पाहिजे.

मळेकरी

ताळेबंद साहेब, हे बंधन दोन्हीकडनं घाला. पट्टी मोडायची न्हाई, आन वाढवायची बी न्हाई. प्रशिक्षणाची इमानं डोक्यावरनं घरघरत जाणार, धोका आमच्या घरावर, भाडं मुंबईच्या कंपनीला, आन ग्रामपंचायतीला काय? जनावर आमच्या दारात बांधायचं आन दूध दुसऱ्यानं न्यायचं, असं नको.

आन ड्रोनचं बी बघा. उसाला फवारणी आता ड्रोननं करत्यात. पट्टीजवळ असल्यामुळं परवानगी लागती म्हणत्यात, मग ड्रोनवाला यायलाच कुचरतो.

उडता_वाळवेकर

दादा, ड्रोनचं तुमचं खरं आहे. २०२१ च्या नियमांत चालू विमानतळाभोवतीचं परवानगीचं अंतर ४५ किलोमीटरवरून १२ वर आणलं, पण तुमचं रान भिंतीला लागूनच. यावर तोडगा निघू शकतो. विमानं उडत नाहीत त्या वेळा ठरवून द्यायच्या, पट्टीच्या व्यवस्थापकाने आठवड्याला वेळापत्रक लावायचं. त्यासाठी पट्टीवर व्यवस्थापक असायला हवा, हे आलंच.

धोक्याचं बोलायचं तर लपवण्यासारखं काही नाही. बारामतीत शिकाऊ विमानांचे लागोपाठ अपघात झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एका संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं होतं. कराडसारख्या ठिकाणी नियंत्रण मनोरा नसला तर वैमानिक रेडिओवर स्वतःच सांगत राहतात, मी इथे आहे, आता वळतोय, आता उतरतोय. चार विमानं एकदम घिरट्या घालत असतील आणि त्यात दोघं नवखे असतील, तर हे पुरत नाही. एका वेळी किती विमानं हवेत असावीत, गावठाणावरून फेऱ्या नकोत, रविवारी नको, हे करारात लिहून घ्या. नंतर विनंती करून काही होत नाही.

निवृत्त_उपअभियंता

परवान्याचाही प्रश्न आहे. डीजीसीए विमानतळाला परवाना देते तो सार्वजनिक वापराचा किंवा खासगी वापराचा. सार्वजनिक वापराच्या अटी कडक, त्या पाळायला खर्च जास्त. छोट्या पट्टीला दोन्हींच्या मधला, तिच्या वापराला शोभेल असा नियमसंच हवा. रोज दहा सेसना उडणाऱ्या पट्टीला पाचव्या श्रेणीचा बंब नको. पण वारा दाखवणारा मोजा फाटलेला नसावा, कुत्री आत शिरू नयेत, आणि तपासणीची तारीख फलकावर लिहिलेली असावी. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याखालचे नियम नव्याने होत असताना हे मांडायची संधी आहे.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. यातून पुढे काय करायचं ते लिहितो.

माहिती अधिकाराचे अर्ज टाकू. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून वेगवेगळे अर्ज. पहिला विमानतळ विकास कंपनीला: गेल्या पाच वर्षांत कराडच्या पट्टीच्या देखभालीवर कोणत्या वर्षी किती खर्च झाला, कोणत्या कामावर, आणि तिथे कायम कर्मचारी किती. दुसराही त्यांनाच: जागेचे भाडेकरार किंवा परवाने कुणाशी आहेत, मुदत किती, त्यांच्या प्रती. तिसरा मिरजकरांनी एमआयडीसीला, कवलापूरच्या जागेची आजची नोंद कशासाठी आहे ते विचारायला. उत्तरं आली की जिल्हा नियोजन समितीपुढे वार्षिक देखभालीच्या तरतुदीची मागणी ठेवू. हाती आकडे असले की पालकमंत्र्यांना टाळता येत नाही.

पाटणकरीणताई, तुमचं म्हणणं मागणीच्या पहिल्या परिच्छेदात घेतो: आपत्ती निधीतून एक रुपयाही नको.

मळेकरी

चौथा अर्ज आमचा. उंचीच्या दाखल्याचा नकाशा, कुठल्या गटात किती मीटर चालतं त्यो. आन विस्ताराचा प्रस्ताव जिता हाय का रद्द झालाय, ते लेखी.

कोयनाकाठ

दादा, हे दोन विषय आहेत, दोन अर्ज करावे लागतील. नकाशाचा तुमच्या नावाने करू, गट क्रमांक घालून. दोन्हींवर दहा-दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागेल. मसुदा मी आज रात्री इथेच टाकतो, वाचून दुरुस्त्या सांगा.

मळेकरी

गट क्रमांक धाडतो. भावकीतल्या त्या मजल्याचं बी कागद जोडतो, तारखा सगळ्या त्यात हायत.